ती गाडीत झोपली आहे

दातार हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव दाराच्या पाटीवर होतं, आणि दाराच्या पाट्या पोस्टमनसुद्धा वाचत नाहीत. ते कवळ्या बनवायचे. दात देणारा तो दातार, असं एका दंतवैद्याने गमतीने म्हटलं आणि ते नाव इतकं घट्ट बसलं, की त्यांची एखादी कवळीही कोणाच्या हिरड्यांवर तशी बसली नसेल. ओघानेच बायको दातारीण झाली. तिने सुरुवातीला कुरकुर केली, मग एकदा फोनवर स्वतःच "दातारीण बोलतेय" म्हणाली आणि विषय संपला.

दातारांकडे माणूस कधी यायचा नाही. यायचा तो त्याचा जबडा. दंतवैद्य माप घ्यायचा, मापावरून प्लास्टरचा साचा व्हायचा, आणि तो साचा दातारांच्या पुढच्या खोलीतल्या फळीवर येऊन बसायचा. तिथे ते मेण तापवत, दात एकेक करून लावत, मागे सरून डोळा बारीक करत, पुन्हा एखादा दात केसभर तिरका करत. अगदी सरळ दात खोटे दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. देवाने कोणाचेच दात ओळीत लावलेले नाहीत, मग आपण शहाणपणा का करावा? या धंद्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. रस्त्यात कोणी "ओळखलंत का?" म्हणालं, की ते त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. माणूस हसला की ओळख पटायची. न हसणारी माणसं त्यांना जन्मात आठवली नाहीत. फळीवरच्या साच्यांबद्दल मात्र ते फार प्रेमाने बोलत. "सगळे हसतमुख, आणि एकही उलट उत्तर देत नाही," हे वाक्य ते बायकोकडे बघून म्हणत.

बायको बस स्थानकावर 'हरवले-सापडले'च्या खिडकीत होती. छत्र्या, डबे, एकेकटी चप्पल, एकदा तर झाकण लावलेला भरला कुकर. लोक काय विसरतील याला सुमार नाही. एके दिवशी रुमालात गुंडाळलेली एक कवळी आली. आता कवळी विसरणारा माणूस चौकशीला आला तरी बोलणार कसा, या काळजीने ती तरुण बाई पत्ता काढत दातारांच्या पुढच्या खोलीत आली. दातारांनी कवळी उजेडात धरली, नाक मुरडलं आणि म्हणाले, "हे असलं काम मी करत नाही."

कवळी त्यांचीच होती. उमेदवारीच्या काळातली, डाव्या बाजूला उचललेली. तोंड खोटं बोललं तरी कान खरे निघाले. ते लालबुंद झाले. तिने ते पाहिलं, काही न बोलता कवळी परत रुमालात बांधली आणि पुढे लग्न झाल्यावर जन्मभर त्याची वसुली केली. दातार जरा शेफारले, की ती खालच्या आवाजात म्हणे, "हे असलं काम मी करत नाही." घरात ती म्हणच होऊन बसली. भांडी घासायला सांगितली की मुलगाही तेच म्हणायचा.

हा मुलगा, म्हणजे धाकटा, मोठा होऊन गाद्यांच्या दुकानात लागला. दिवसभर गिऱ्हाइकांना गादीवर लोळवायचं आणि स्वतः उभं राहायचं, अशी ती नोकरी. थोरली लोकांना मोटार शिकवायला लागली. शिकवायच्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तो वेळेवर दाबणं हेच तिचं काम, आणि ते ती घरातही करायची. जेवताना बापाने दुसऱ्यांदा मिठाला हात घातला, की तिचा उजवा पाय टेबलाखाली नकळत दाबला जायचा.

दातारीण नोकरीतून निवृत्त झाली आणि घरात हरवलेलं काही नसताना शोधत फिरू लागली, तेव्हा थोरलीने तो खेळ आणला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी जादूगार. एकजण सूत्रधार. तो सांगणार की समोर दरी आहे, दरीत राक्षस आहे, आणि मग एकेकाला विचारणार की तू काय करतोस. जे करायचं ते बोलून करायचं. जमलं की नाही ते फासा ठरवणार. हा फासा वीस तोंडांचा. दातार म्हणाले, रावणाचंसुद्धा दहांत भागलं होतं.

सूत्रधार अर्थातच थोरली झाली. योद्धा झाला धाकटा. दिवसभर गाद्या विकणाऱ्याला रविवारी कोणाला तरी आडवं करावंसं वाटणं साहजिकच होतं. जादूगार झाले व्याही, थोरलीचे सासरे. हे गृहस्थ लिफ्टचे निवृत्त तपासनीस. कुठल्याही खोलीत शिरले की आधी छताकडे बघायचे. खेळातही पूल आला, शिडी आली, की जादू राहायची बाजूला आणि ते विचारायचे, कमाल भार किती?

आणि दातारीण झाली चोर. आयुष्यभर लोकांच्या वस्तू लोकांना परत केल्या, आता जरा लुटू द्या, असं तिने जाहीर केलं. चोरटी हेच नाव घेतलं. पण जित्याची खोड. पहिल्याच गावात तिने सावकाराची अंगठी लांबवली, आणि तासाभराने तिला राहवेना. त्याला अंगठीवाचून झोप लागली नसेल, म्हणाली. मग सगळी फौज त्या अंगठीसाठी उलटी गावात. पहारेकऱ्यांची नजर चुकवून ती परत ठेवायची. चोरायला एक दान लागलं होतं, ठेवायला सात लागली. जगाच्या पाठीवर इतका कष्टाळू चोर दुसरा झाला नसेल.

दातारांना खेळायचं नव्हतं. तुम्ही खेळा, मी बसतो, असं ते म्हणाले. पण नुसतं बसणाऱ्याला त्या टेबलावर जागा नव्हती. तेव्हा त्यांनी विचारलं, तुम्ही सगळे लढायला गेल्यावर सामान कोण बघतं? कोणाला सुचलंच नव्हतं. अशा रीतीने दातार गाडीवान झाले. एक गाडी, दोन बैल. बैलांची नावं त्यांनी सुळ्या आणि दाढ्या ठेवली. पुढे पुढे असं व्हायला लागलं, की इकडे राक्षसाशी हातघाई चाललेली असायची आणि तिकडे दातार फासा टाकून सुळ्याने पाणी प्यायलं का ते बघत असायचे.

पटावरच्या बाहुल्याही त्यांनीच घडवल्या. कवळीच्या हिरड्यांचं जे गुलाबी सामान असतं त्याच्या. त्यामुळे योद्धा गुलाबी, जादूगार गुलाबी, गाडीवान गुलाबी, राक्षसही गुलाबी. राक्षसाला फक्त खरीखुरी दातांची ओळ. बायकोची बाहुली मात्र त्यांनी दातांच्या सामानाची केली, पांढऱ्यात किंचित पिवळी झाक असलेली, तिच्या स्वतःच्या दातांच्या छटेची. हे कोणाला सांगितलं नाही. बाहुली उभी, एक हात पुढे, कोणाच्या तरी खिशात घालण्याच्या तयारीत. गाडी म्हणजे मापं घ्यायचा एक जुना पत्र्याचा साचा, चाकं लावलेला.

थोरलीचा एक शिरस्ता होता. खेळ सुरू करताना ती एकेकाला विचारायची. भावाला, "तू काय करतोस?" सासऱ्यांना, "पप्पा, तुम्ही काय करता?" बापाला, "बाबा, तुम्ही काय करता?" आणि आईला, "तू काय करतेस?" जो त्या रविवारी आलेला नसेल, त्याचं पात्र गाडीत झोपलेलं असायचं. हा नियम आईचाच. माणूस आला नाही म्हणून त्याला मारायचं नाही आणि मागेही टाकायचं नाही, गाडीत झोपवायचं. आणि झोपलेल्याला दुसऱ्या कोणी उठवायचं नाही, ज्याचं त्याने उठायचं. धाकटा दुकानाच्या सवलतींच्या दिवसांत महिनाभर गाडीत घोरला होता.

मग एका रविवारी आईच गाडीत झोपली. साधं ऑपरेशन होतं, बुधवारी घरी सोडतो म्हणाले होते. घरातून निघताना, गॅसचं बटण बंद केलंत ना, यावरून ती दातारांशी वाद घालत होती. एरवी शेजारी वाटी द्यायला निघाली तरी "येते हं" म्हणणारी बाई. मुलांनी लहानपणी "जातो" म्हटलं तर उंबऱ्यावरून परत बोलावून "येतो" म्हणवून घेणारी. त्या दिवशी टॅक्सीचं दार लागेपर्यंत तिचं गॅसवरच चाललं होतं. रविवारी तिचा दवाखान्यातून फोन आला. मला उठवू नका, फार दिवसांनी झोपतेय, म्हणाली. सगळे हसले. दातारांनी गाडीत कापूस पसरून बाहुली आडवी केली. बाहुलीचा हात पुढे केलेला, त्यामुळे आडवं केल्यावर तो सरळ वर आला. वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखा.

बुधवारी तिला घरी सोडलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी ती गेली.

काही आठवडे रविवार आले आणि कोणाशी न बोलता गेले. मग व्याह्यांनीच फोन करून सांगितलं, की एकटा माणूस रविवारी भिंतीकडे बघत बसतो हे सुरक्षेच्या दृष्टीने बरं नाही. पुन्हा सगळे टेबलाभोवती बसले. थोरलीने सवयीने सुरुवात केली. तू काय करतोस, पप्पा तुम्ही काय करता, बाबा तुम्ही काय करता. आणि मग स्वयंपाकघराजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी तिचा आवाज येऊन थांबला. सगळ्यांच्या माना खाली. फासे जवळ ओढत ती म्हणाली, "आई गाडीत झोपली आहे."

कोणी दुरुस्त केलं नाही. दातारांनी बाहुलीभोवती कापूस नीट खोचला आणि बैलांना हाक दिली.

त्यानंतरचे रविवार म्हणजे एका गाडीची यात्रा होती. दातारांच्या अंगात असा गाडीवान संचारला, की पूर्वीच्या गाडीवानाने त्यांना दुरून नमस्कार केला असता. पुढे खड्डा आहे का, असेल तर दगड टाका. राक्षस आहे? मग वळसा घाला, आवाजाने जाग येईल. युद्ध करायचं तर गाडीपासून लांब करा आणि शक्यतो हळू बोला. धाकट्याची तलवार गंजायला आली. एकदा तर डाकूंनी वाट अडवली असताना दातारांनी डाकूंनाच तोंडावर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं आणि फाशावर वीस पडले. डाकू चवड्यांवर चालत निघून गेले.

घरी आठवडाभर दातार जबड्यांच्या संगतीत असत. मेण तापवता तापवता त्यांच्या मनात येई, की रविवारी नदी आली तर गाडी उताराने न्यायची का? रविवारी कोणीतरी म्हणणार होतं की ती गाडीत झोपली आहे. जगात एवढी एकच जागा उरली होती जिथे ती होती, आणि त्या जागेला चाकं होती, आणि त्या चाकांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. माणसाला सोमवार ते शनिवार ढकलायला याहून जास्त काय लागतं?

आणि खिंड आली.

थोरलीने नकाशा पुढे सरकवला. दोन कडे, मधे वाट. एका वेळी एक माणूस जाईल एवढीच. मागे वाट नाही, वळसा नाही. गाडी जात नाही.

दातार म्हणाले, मग मी इथेच थांबतो. तुम्ही जाऊन या. धाकटा म्हणाला, बाबांना सोडून मी जाणार नाही. व्याह्यांनी खिंडीची रुंदी विचारली, गाडीची विचारली, डोकं हलवलं आणि मग त्यांच्यातला जादूगार अवचित जागा झाला. आपण गाडीच लहान करू, म्हणाले. मंत्र आहे आपल्याकडे. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि फासा टाकला. एक पडला. या खेळात एक पडणं म्हणजे दैवाने गालावर वाजवणं. थोरलीने ओठ दाबत सांगितलं, की गाडी आहे तेवढीच आहे. बैल मात्र उंदराएवढे झाले.

धाकटा हसून खुर्चीवरून घसरला. व्याही हात जोडून क्षमा मागू लागले. व्याह्याच्या बैलांना असं करणं नात्याला शोभणारं नव्हतं. पण दातार हसले नाहीत. आता गाडी पुढेही जाणार नव्हती आणि मागेही. ते थोरलीकडे बघत राहिले.

"खिंड तू मुद्दाम अरुंद केलीस."

"हो," थोरली म्हणाली. "मुद्दाम केली."

दातार म्हणाले, लोकांना गाड्या चालवायला शिकवतेस आणि बापाचीच गाडी अडवतेस. ती कोणाच्या अध्यात ना मध्यात, नुसती झोपली आहे, तर तेवढंही तुम्हाला खुपतं. ते आणखी बरंच बोलले. दातार रागावले की शब्द दातांत अडकायचे, आणि स्वतःचे दात अस्सल असूनही तोंडातली कवळी सुटल्यासारखे ऐकू यायचे. एरवी कोणीतरी म्हटलंच असतं, हे असलं काम मी करत नाही. त्या दिवशी कोणी म्हटलं नाही.

थोरलीने सगळं ऐकून घेतलं. मग इतके महिने पायाखाली दाबून धरलेला ब्रेक तिने सोडला.

"बाबा, तुम्ही ते वाक्य ऐकता. म्हणावं मला लागतं. दर रविवारी. तुम्ही सगळे माना खाली घालून बसता आणि मी म्हणते, की ती झोपली आहे." ती फासे गोळा करू लागली. "आणि तुम्हाला सगळ्यांना विचारते, तुम्ही काय करता, तुम्ही काय करता. तू काय करतेस, असं म्हणायला मला कोणी राहिलंच नाही."

ती निघाली. व्याही तिच्या मागोमाग, बैलांची पुन्हा एकदा क्षमा मागत. धाकट्याने कपबशा विसळल्या. न सांगता.

त्या आठवड्यात दातारांकडे काम पुष्कळ होतं. एक आख्खी वरची कवळी, दोन दुरुस्त्या. मंगळवारी दुपारी मेण लावता लावता त्यांनी फळीकडे तोंड करून ते वाक्य म्हणून बघायचं ठरवलं. चार शब्द तर होते. "ती," ते म्हणाले. साचे हसतमुखाने ऐकत होते. "ती गाडीत." पुढे जाईना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडलं. हातातला दात त्यांनी इतका तिरका लावला, की ती कवळी तशीच गेली असती तर कोणी तरी आयुष्यभर शेजाऱ्याकडे बघून हसलं असतं.

पोरीने ते वाक्य दर रविवारी पुरं केलं होतं. एकदाही न अडखळता. ब्रेकवर पाय ठेवून.

त्यांनी मेणाखालचा दिवा विझवला आणि टेबलावरची गाडी हातात घेतली. कापसातून हात वर आलेला होता. इतके महिने ते तो कापसाखाली दाबायचा प्रयत्न करत होते आणि तो पुन्हा वर यायचा. उत्तर येतंय, मला विचारा, असं म्हणत असल्यासारखा. विचारणार कोण?

रविवारी मंडळी आली. थोरली येईल की नाही असं वाटत होतं. ती आली, नेहमीच्या वेळेआधी, थोडी अवघडलेली. सगळे बसायला लागले आणि तेवढ्यात 'फुस्स' असा आवाज झाला. स्वयंपाकघराजवळच्या खुर्चीवर धाकट्याने दुकानातून आणलेली एक बैठक होती. आईच्या पाठीसाठी. बसलं की ती सुस्कारा सोडायची. कित्येक महिन्यांत तो आवाज घरात झाला नव्हता. सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. दातार त्या खुर्चीत बसले होते.

ते म्हणाले, गाडीवान दमलाय. आज तो गाडीत झोपेल. आज मी हिचं पात्र घेतो.

नियमाचा प्रश्न अर्थातच व्याह्यांनी काढला. ज्याचं पात्र त्यानेच उठवायचं, असं आपलं ठरलेलं आहे. मग त्यांनी स्वतःच छताकडे बघत बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, की इमारतीचा मालक बदलला तरी लिफ्ट तीच राहते. नोंद फक्त नव्या नावाने होते. हरकत नाही. दातारांनी कधी नव्हे ते मनोमन लिफ्ट खात्याचे आभार मानले.

थोरलीने सुरुवात केली. भावाला विचारलं, सासऱ्यांना विचारलं. मग त्या खुर्चीकडे वळून चाचरत म्हणाली, "बाबा, तुम्ही..."

"मला तुम्ही म्हणू नकोस," दातार म्हणाले. "ती कधी तुम्ही होती?"

 जन्मात कधी थोरलीने बापाला एकेरी हाक मारली नव्हती. समोर चष्मा, मिशी, नखांत अडकलेलं प्लास्टर. तिने डोळे खाली, बाहुलीवर नेले. पांढरी, पिवळसर झाक असलेली, हात वर केलेली.

"तू काय करतेस?" तिने विचारलं.

"मी उठते," दातार म्हणाले.

फासा टाकावा लागला. तीन पडले. दातारणीचे फासे नेहमी असेच पडायचे. त्या बाबतीत खुर्चीने इमान राखलं. थोरली म्हणाली, उठलीस, पण डोकं गरगरतंय. दातार म्हणाले, गरगरणार नाही तर काय, इतके दिवस हलवून हलवून हाडं खिळखिळी केलीत माझी, आणि डाकूंना गप्प बसवायला काय झालं होतं, जरा बघितले असते मी डाकू. आवाज दातारांचाच, पण रोख असा, की धाकट्याने दचकून मागे स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. व्याही खुर्चीत ताठ झाले. थोरलीचा हात तोंडावर गेला आणि हाताआडून हसण्यासारखं काहीतरी बाहेर आलं.

दातारांनी बाहुली उभी केली. गाडीत आता गुलाबी गाडीवान आडवा होता.

"तू काय करतेस?" थोरलीने पुन्हा विचारलं. या वेळी लगेच.

"ह्यांच्या खिशात हात घालते."

झोपलेल्या गाडीवानाच्या खिशात काय असणार? थोरलीने सांगितलं, बैलांच्या गळ्यातल्या दोन घुंगरमाळा. त्या तिने चोरल्या. मग थोडं थांबून दातार म्हणाले, "परत ठेवते." आणि त्यांनी गाडीतल्या गुलाबी माणसाभोवतीचा कापूस नीट केला. "अहो, तुम्ही उठू नका. फार दिवस जागे आहात," असं त्याला सांगितलं, तिच्या त्या खालच्या आवाजात. त्यांचे कान लाल झाले होते.

त्या दुपारी ती खिंड पार झाली. चोरटी पुढे, एका वेळी एक माणूस जाईल अशा वाटेने, मागे योद्धा आणि जादूगार. थोरली विचारत राहिली. तू काय करतेस? तुला पाणी दिसतंय, पितेस का? तुझी पाठ दुखतेय का गं? शेवटच्या प्रश्नाचा खेळाशी काही संबंध नव्हता. दातारांनी सांगितलं की आता अजिबात दुखत नाही. मधेच तिने चिडून, तू दरवेळी माझ्याच बॅगेतलं का चोरतेस, असंही विचारलं. तेही खेळातलं नव्हतं, वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं. दातारांनी परत ठेवते म्हणून सांगितलं.

खिंडीपलीकडे रस्ता फुटत होता. एक पुढे, राक्षसाच्या किल्ल्याकडे. एक मागे वळून, ज्या गावांवरून ते आले होते त्या सगळ्या गावांकडे.

"आता तू काय करतेस?"

 दातार फासा हातात फिरवत बसले. मग म्हणाले, की माझ्याकडे लोकांचं फार सामान राहिलंय. सावकाराची अंगठी दिली, पण त्या शिंप्याची कात्री, त्या राणीचा कंगवा, भिकाऱ्याची काठीसुद्धा मी उचलली होती. सगळं ज्याचं त्याला द्यायला हवं. वाट बघत असतील बिचारे. खूप गावं आहेत, वेळ लागेल. तुम्ही थांबू नका, पुढे व्हा.

धाकट्याने खिडकीबाहेर पाहिलं. व्याही चष्मा पुसू लागले, जो आधीच स्वच्छ होता.

"एकटी जाशील?" थोरलीने विचारलं.

"मी एकटीच बसत होते की खिडकीत." दातारांनी बाहुली उचलली आणि टेबलाच्या कडेला, मागच्या रस्त्याकडे तोंड करून उभी केली. पुढे केलेला हात आता कोणाच्या खिशात जाणारा वाटत नव्हता. काहीतरी परत देणारा वाटत होता. त्यांनी क्षणभर बोट तिच्या डोक्यावर ठेवलं. "येते हं," ते म्हणाले.

"ये," थोरली म्हणाली. "सावकाश ये."

 मग 'फुस्स' असा आवाज झाला. दातार त्या खुर्चीतून उठून आपल्या खुर्चीत येऊन बसले होते. त्यांनी गुलाबी गाडीवानाला कापसातून बाहेर काढून गाडीशेजारी उभं केलं आणि रुमालाने नाक शिंकरलं. थोरलीने डोळे पुसले, फासे पुढे सरकवले आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "बाबा, तुम्ही काय करता?"

दातार टेबलाखाली वाकून बघत होते.

"मी बैल शोधतो," ते म्हणाले. "उंदराएवढे आहेत. पाय जपून ठेवा सगळ्यांनी."